वन्सं, डेलिया पावसानंतरच लावायचा असतो

वन्सं, रविवारी निनादने जे सांगितलं, तेव्हापासून मी घरभर नुसती फिरते आहे. स्वयंपाकघरात जाते आणि कशाला आले ते विसरते. पुढचं दार उघडते, बागेतल्या फरशीवर जरा उभी राहते, परत आत येते. समोरच्या बाई डबा घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "बसा हो जरा, किती येरझाऱ्या घालाल." त्यांच्यासमोर बसले. त्या फाटकाबाहेर गेल्या आणि मी उठले. सगळ्यांना वाटतंय, इतकी वर्षं दोघी एका घरात राहिल्या, आता नणंद गेली म्हणून बिचारी सैरभैर झाली. तेही आहेच. पण खरं सांगू? मला तुमच्याशी कडाकडा भांडायचंय, आणि नेमक्या आता तुम्ही नाही.

तेराव्याला तुमच्या टेलिफोन खात्यातल्या मैत्रिणी आल्या होत्या. एकजात सगळ्या म्हणत होत्या, "कुमुद फार शांत स्वभावाची." मी ऐकून घेतलं. शांत! तुम्ही आवाज न चढवता स्वतःचंच खरं करायचात. ह्याला लोक शांत स्वभाव म्हणत असतील तर म्हणोत बापडे.

आपल्यातलं पहिलं मोठं भांडण डेलियावरून झालं. त्याआधी धुसफूस असायची, पण भांडण नव्हतं. हे गेले तेव्हा माझा निनाद कॉलेजात होता. सहकारनगरच्या ह्या बैठ्या बंगल्यात मी, तुम्ही आणि तो. मी शिकवायचे ती शाळा सकाळची, तुमच्या ड्यूट्या बदलत्या. तो फाटक उघडतानाच "आत्या" अशी हाक मारायचा. मी घरात असले तरी. मला ऐकू यायचं आणि तुम्हाला माहीत होतं की मला ऐकू येतं, पण त्यावर आपण दोघी कधी बोललो नाही. बागेत मात्र वाद घालायला कुणाची हरकत नव्हती. गुलाबाची छाटणी, शेणखत किती, नळी कुणी गुंडाळून ठेवली नाही, सगळं तिथे निघायचं.

डेलिया तुमचा. पुण्यात डेलिया कसा लावतात हे मी तुमच्याकडूनच शिकले. थंडी सरली, पानं पिवळी पडली की खोड वीतभर ठेवून कापायचं, कंद अलगद उकरून सावलीत सुकवायचे आणि गच्चीच्या जिन्याखाली कोरड्या वाळूत ठेवून द्यायचे. उन्हाळा त्यांनी झोपून काढायचा. पावसाचा जोर ओसरला की ओलसर वाळूत ठेवून त्यांना जागं करायचं, कोंब फुटले की कुंडीत हलवायचं. मग डिसेंबर-जानेवारीत आपल्या फाटकाशी माणसं थांबायची. कुणी विचारलं तर तुम्ही म्हणायचात, "विशेष काही नाही हो, थंडीच करते सगळं." ते अगदी खरं होतं. तेव्हा तुम्ही शहाण्या होतात.

मग निनाद अमेरिकेला गेला. त्या वर्षांत आपल्या गल्लीतून कोण गेलं नव्हतं? ज्याला कॉम्प्युटर येत होता तो गेला. तिकडेच त्याने रोहिणीशी लग्न ठरवलं, इथे येऊन केलं आणि परत गेला. रोहिणी तिकडे कॉलेजात शिकवायची, तिला सुट्टी उन्हाळ्यात. म्हणजे येणं मेअखेर, नाहीतर जूनमध्ये. एकदा फोनवर तो तुम्हाला म्हणाला, "आत्या, तुझे डेलिया बघून किती वर्षं झाली गं." एवढंच. सहज बोलला असेल. तुम्ही फोन ठेवलात आणि मला म्हणालात, "वहिनी, ह्या वर्षी काही कंद मी पावसानंतर लावणार नाही. मागे ठेवते. वसंतात लावू."

"वसंतात?" मी विचारलं.

"तिकडे वसंतातच लावतात. निनादने पाठवलेल्या पुस्तकात आहे. बर्फ वितळलं की घरात उबेला ठेवायचे, कोंब आले की बाहेर न्यायचे. उन्हाळाभर फुलं."

"वन्सं, तिकडे बर्फ वितळतं तेव्हा इकडे डांबर वितळतं."

"पहाटेचा गारवा असतो की मार्चपर्यंत."

"पहाटेचा. कंदाला दुपारही काढायची असते."

"बघू," तुम्ही म्हणालात. तुमचं हे 'बघू' म्हणजे ठरलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं की ह्यातून सुटका नाही.

संक्रांत झाली आणि तुम्ही कामाला लागलात. मागे ठेवलेल्या कंदांतले निम्मे सुरकुतून गेले होते. उरलेले तुम्ही उथळ ट्रेमध्ये ओलसर वाळू नि कोकोपीट घालून मांडलेत. कंद झाकायचा, पण मानेपाशी जिथे डोळे असतात तो भाग उघडा ठेवायचा. हे तुम्ही मला इतक्यांदा सांगितलंत की मी वैतागून म्हटलं होतं, "मला परीक्षेला नाही बसायचं." ट्रे न्हाणीघराच्या खिडकीत. आंघोळ करताना आधी त्याला बाजूला ठेवा, मग पाणी काढा. कोंब आले, तांबूस, जाड, चांगले दिसत होते. तुम्ही त्यांचे शेंडे खुडलेत, कुंड्यांत लावलेत, बांबूच्या काड्यांचे टेकू दिलेत. एप्रिल लागला आणि पानांच्या कडा तपकिरी झाल्या. तुम्ही ओला पंचा बांधलात. माझी जुनी साडी विचारून घेतलीत, मांडवासारखी ताणलीत. कळ्या वाटाण्याएवढ्या झाल्या आणि तशाच वाळल्या.

निनाद आला. बॅगा आत आणल्या, पाया पडला, आंबे खाल्ले, भाऊगर्दीत दिवस गेले. बागेत तो एकदाही नीट गेला नाही. तुम्ही त्याला काही दाखवलं नाहीत. तो गेल्यावर म्हणालात, "पुढच्या वर्षी जरा उशिरा लावते. जूनची हवा सापडेल."

पुढच्या वर्षी उशिरा लावलेत. तेव्हा खडकवासल्यात पाणी नव्हतं, नळाला दिवसाआड पाणी येत होतं. तुम्ही भाज्या धुतलेलं पाणी साठवायचात, स्वतःच्या आंघोळीचं पाणी वाचवायचात. "मीही वाचवायचं का?" मी विचारलं तर म्हणालात, "सक्ती नाही." मग मी वाचवलं, दुसरं काय करणार. झाडं जगली, छान वाढली, कळ्या फुगल्या आणि जूनच्या पावसाने चार दिवस झोडपून काढलं. खोडं मानेपाशी कुजली. त्या दिवशी मी फार बोलले. म्हटलं, "झाडाला कळतं ते तुम्हाला का कळत नाही? त्याची वेळ पावसानंतरची आहे. त्याला झोपू द्या की!" तुम्ही कुजलेला कंद हातात धरून बोटाने चाचपत होतात, कुठे एखादा डोळा शाबूत आहे का ते बघत. म्हणालात, "त्याची वेळ असेल. निनादची नाही ना."

मी खराटा घेऊन कुजलेली पानं गोळा करायला लागले. 

मग आपल्या पश्चिमेचा बंगला पडला. तिथे बिल्डिंग उभी राहायला लागली. सगळीकडे तेच चाललं होतं तेव्हा. एका बंगल्याच्या जागी पार्किंग आणि वर मजल्यावर मजले, खिडक्यांत वाळत घातलेल्या जीन्स, फाटकासमोर सकाळी हिंजवडीच्या बसची वाट बघणारी पोरं. आपली संध्याकाळची उन्हं गेली. मी रडले होते, आठवतं? ह्यांनी हौसेने बांधलेल्या कट्ट्यावर चार वाजता बसायची माझी सवय, ती जागा अंधारली. तुम्ही माझ्याजवळ येऊन काही समजूत काढाल असं वाटलं होतं. तुम्ही खुर्ची घेऊन बागेत बसलात आणि जेवणानंतर सावली कुठपर्यंत येते ते बघत राहिलात. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी म्हणालात, "वहिनी, सकाळचं ऊन मिळतं आणि दुपारचं अडतं. डेलियाला हेच हवं होतं." मी तुमच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही.

आणि आता त्या उन्हाळ्याबद्दल. त्याच्यासाठी तर मी हे सगळं सांगते आहे.

त्या वर्षी तुमचे कंद जगले. ट्रेमधून कुंडीत, कुंडीतून सावलीच्या रेघेपाशी. ऊन सरकेल तशा तुम्ही कुंड्या सरकवायचात. कंबर दुखायची तुमची. मी म्हणायचे, "राहू द्या," आणि तुम्ही "हं" म्हणून पुढची कुंडी धरायचात. मार्चमध्येच निनादने मला फोनवर सांगितलं होतं, "आई, ह्या वर्षी जमत नाही. रजा नाही मिळत." माझं तोंड उतरलं. माझा नातू अन्वय तेव्हा नुकता चालायला लागला होता, त्याला मी बघितलंही नव्हतं. त्याच्या पैंजणांचा आवाज रोहिणीने फोनवर ऐकवला, तेवढंच. तुम्ही मात्र कुंड्या सरकवत राहिलात. मी म्हटलंसुद्धा, "आता कुणासाठी?" तुम्ही म्हणालात, "लावलेत तर वाढवायला नकोत का."

मे संपता संपता एका सकाळी तुम्ही हाक मारलीत. "वहिनी, बाहेर ये." गडद वांगी रंगाचं फूल, थंडीतल्यासारखं ताटलीएवढं नव्हे, वाटीएवढंच. पण पाकळी न् पाकळी जागच्या जागी. शेजारी दोन कळ्या उमलायच्या बेतात. मी म्हटलं, "पाहुणा नाही आणि पाट मांडलाय." तुम्ही हसला नाहीत. मला वाटलं माझं लागलं तुम्हाला. तुम्ही नुसत्या बघत उभ्या होतात. फुलाकडे बघत होतात असं मी इतकी वर्षं समजत होते.

रविवारी, जेवणं झाल्यावर, निनाद तुमच्या खोलीत तुमच्या पलंगावर बसला होता. म्हणाला, "आई, आत्या नसती तर मी तेव्हाच परत आलो असतो."

"तेव्हाच म्हणजे कधी?"

मग सांगितलं त्याने. तुमचं ते मे महिन्यातलं फूल आलं त्या वर्षी त्याची नोकरी गेली होती. कंपनीच बंद झाली. व्हिसाची मुदत डोक्यावर, घरात लहान मूल. त्याने बॅगा भरायला घेतल्या होत्या. सकाळी इकडे फोन केला, मी शाळेत होते, तुम्ही उचललात. तो म्हणाला, "आत्या, आम्ही येतो. कायमचे." आणि तुम्ही, ज्या बाईने त्याच्यासाठी इतकी वर्षं डेलियाचं ऋतुचक्र उलटं फिरवायचा खटाटोप केला, त्या तुम्ही म्हणालात, "आत्ता येऊ नकोस."

"एवढंच म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणाली, घाबरून येऊ नकोस. घाबरून आलास तर इथे बसून जन्मभर तिकडचा विचार करशील. आणखी थोडा प्रयत्न कर. नाहीच जमलं तर घर आहेच."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

तो म्हणाला, "तीच म्हणाली. वहिनीला सांगू नकोस. ती तुला ये म्हणेल आणि तू येशील."

बरोबर आहे. मी 'ये' म्हटलं असतं. त्याच फोनवर, त्याच श्वासात म्हटलं असतं. आई दुसरं काय म्हणते? तुम्ही कोण ठरवणार, वन्सं, की माझ्या मुलाने माझ्याकडे यायचं नाही? त्याला दुसरी नोकरी मिळाली, कुठल्याशा लहान गावात. तो टिकला, वर चढला, हे सगळं मान्य. पण मधली वर्षं? अन्वयचे दुधाचे दात मी पाहिले नाहीत. तो इथे आला तेव्हा मला 'आजी' म्हणायच्या आधी रोहिणीच्या मागे लपला. ती वर्षं तुम्ही माझ्या ताटातून काढून घेतलीत, आणि रोज माझ्याच शेजारी बसून जेवत होतात. आमटी वाढू का म्हणून विचारत होतात!

रविवारपासून हे मी तुम्हाला सुनावते आहे. जिन्यात, न्हाणीघरात, फाटकापाशी. आणि दर वेळी मध्येच माझी गाडी अडते. कारण मला तुम्ही दिसता त्या मे महिन्यातल्या, कंबरेवर हात ठेवून वाकलेल्या, कुंडी ओढणाऱ्या. ज्याला तुम्हीच येऊ नको म्हणून सांगितलं होतंत, त्याच्या नावाने लावलेली झाडं तुम्ही एका शब्दाने कुणाला काही न सांगता वाढवत होतात. मला निदान 'रजा नाही' ह्या कारणावर चिडता तरी येत होतं, वन्सं. तुम्ही कुणावर चिडत होतात? तुम्हालाही तो हवाच होता की. माझ्याइतकाच. जास्त म्हटलंत तर मात्र भांडेन.

आणि तो आला तेव्हा स्वतःच्या मर्जीने आला, हेही खरं. हिंजवडीत मोठ्या हुद्द्यावर, वाकडला घर घेऊन. आल्यापासून एकदाही त्याच्या तोंडी 'तिकडे असतो तर' असं आलं नाही. मी कान लावून असायचे, पण नाही आलं. ह्यासाठी मी तुमचे आभार मानायला हवेत. मानते. पण अजून आवाज चढलेलाच आहे माझा, तेवढा चालवून घ्या.

मला न कळलेली गोष्ट पुढची आहे. तो परत आला. आता जानेवारीतही येऊ शकत होता, यायचा, अन्वयला फुलं दाखवायचा. थंडीतला डेलिया आपोआप येतच होता. तरी तुम्ही दर वर्षी थोडे कंद मागे ठेवायचात आणि संक्रांतीनंतर ट्रे मांडायचात. मी म्हणायचे, "आता काय गरज आहे? तो इथेच आहे की!" तुम्ही म्हणायचात, "बघू जमतं का." कधी जमायचं, बहुतेकदा नाही. मी रोज येऊन सांगायचे की हे जळणार. तुम्ही रोज सांगायचात की पाहा तर खरं. दवाखान्यात नेलं त्या सकाळीसुद्धा तुम्ही मला म्हणालात, "वाळू ओली ठेव, पण चिखल नको." मी म्हटलं, "मी काही लावणार नाही हं. पावसानंतर बघू." तुम्ही डोळे मिटून घेतलेत. हेच आपलं शेवटचं बोलणं. लोकांची शेवटची बोलणी काय काय असतात, आणि आपलं हे.

परवा जिन्याखालची वाळू उकरली. तुम्ही ह्या वर्षीही ठेवले होतेतच. त्यांना डोळे फुटलेत, टाचणीच्या डोक्याएवढे, तांबडे. एक कंद माझ्या हातात मानेपाशी मोडला. मान गेली की तो कंद कामाचा नाही, एवढं मला येतं. बाकीचे मी ट्रेमध्ये मांडले. का मांडले ते विचारू नका. वाळू पुन्हा पुन्हा दाबून पाहिली, जास्त ओली वाटली, कोरडी घातली, मग फार कोरडी वाटली.

आज निनाद ऑफिसला न जाता इकडे आला. मी दोन दिवस त्याचा फोन उचलला नव्हता. फाटक वाजलं आणि मी न्हाणीघरातून बाहेर आले तर तो समोर. ओल्या वाळूने माझे हात भरलेले. खिडकीतला ट्रे त्याने पाहिला.

"हे तू लावलेस?" त्याला हसू आवरेना. "आई, हे जळणार नाहीत का?"

"जळतीलच. मी वर्षानुवर्षं तेच सांगत आले, तुझ्या आत्याला पटलं असतं तर ना."

"तिला पटलं होतं की."

"काय?"

"मला म्हणायची ती. तुझी आई म्हणते तेच बरोबर आहे, डेलिया पावसानंतरच लावायचा असतो."

 इतक्या उन्हाळ्यांत एकदा, फक्त एकदा, तुम्ही माझ्यासमोर असं म्हणायला हवं होतंत. मी म्हटलं, "मग दर वर्षी हा खटाटोप कशाला करत होत्या? तू आल्यावरसुद्धा?"

निनादने माझे हात धरले, वाळूसकट. "मीही विचारलं होतं तिला. म्हणाली, दादा गेला, कट्ट्यावरचं ऊन गेलं, शाळाही संपली; वहिनी घरातच असते रे. भांडायला तरी बाहेर येते."

वन्सं, हे तुम्ही मला तोंडावर सांगितलं असतंत, तर मी काय म्हटलं असतं ते मला ठाऊक आहे. म्हटलं असतं, "गॅसवर भाजी आहे माझी, मला वेळ नाही." आणि तिथेच तुमच्याशेजारी उभी राहिले असते.